खऱ्या चुकांचा वर्ग

दिल्लीतल्या मराठी मंडळींमध्ये नवी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठल्या मंत्रालयात? मंत्रालयात माझे यजमान होते, मी नव्हते, असं सांगितलं की दुसरा प्रश्न येतो, मग तुम्ही काय करायचात? मी शिक्षकांना शिकवायचे म्हटलं की समोरची मान आदराने हलते. काय शिकवायचात, तर मुलांच्या चाचण्यांचे निकाल वाचायला, म्हटलं की तीच मान मध्येच थांबते. एका गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेत एका बड्या अधिकाऱ्यांनी मला हसत विचारलं, “शिक्षकांना मार्कसुद्धा वाचता येत नाहीत?” मी म्हटलं, “मार्क सगळ्यांना वाचता येतात, साहेब. तीच तर अडचण आहे.” त्यांना तो विनोद वाटला. माझं पोट मात्र इतकी वर्षं याच विनोदावर चाललं.

नोकरीचा सगळा पाढा इथे वाचत बसत नाही. आधी शाळेत गणित शिकवलं, मग एका सरकारी संस्थेत शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली, आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून गाझियाबाद-नोएडाच्या खाजगी शाळांमध्ये जाऊ लागले. अजूनही बोलावलं की जाते. धंद्याचं मर्म मात्र सांगते, कारण ते चहाचा कप संपायच्या आत कळण्यासारखं आहे.

चारशे तीन वजा एकशे सत्तावन्न. उत्तर दोनशे सेहेचाळीस. ज्या मुलाचं चुकतं त्याच्या पेपरवर शिक्षक लाल फुली मारतात, शून्य देतात आणि पान उलटतात. पण त्या मुलाने लिहिलं काय होतं? बहुतेक वेळा तीनशे चोपन्न. त्याने प्रत्येक घरात मोठ्या आकड्यातून लहान आकडा काढलेला असतो, मग तो वर असो की खाली. चारातून एक गेला, तीन. पाचातून शून्य गेलं, पाच. सातातून तीन गेले, चार. म्हणजे पोराला वजाबाकी येते, पण वरचा आकडा लहान असला की शेजारच्या घरातून उसनं घ्यायचं, हे तिसरीत शिकवलेलं त्याच्या डोक्यात शिरलेलं नाही. दुसऱ्या एखाद्याने पाचशे साठ लिहिलेलं असतं. त्या गड्याने सरळ बेरीज केलेली असते. शून्य दोघांनाही मिळतं, पण दोघांचं दुखणं वेगळं आहे आणि औषधही वेगळं. नुसता ताप आहे एवढं ऐकून गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जात नाही, पण शाळेत वर्षानुवर्षं तेच चालतं.

म्हणून माझ्या प्रशिक्षणाचा पहिला नियम असायचा, मार्क झाका आणि उत्तरं बघा. कुठल्या प्रश्नाला किती मुलं चुकली, चुकून कुठल्या उत्तरावर गेली, आणि का गेली. एवढं कळलं की सोमवारी सकाळी वर्गात काय शिकवायचं ते आपोआप ठरतं. सांगायला सोपं आहे. पण ज्या माणसाने आयुष्यभर चुकीवर फुली मारली, त्याला त्या चुकीकडे प्रेमाने बघायला लावणं म्हणजे दगडाला पाझर फोडण्यातला प्रकार. पहिल्या दिवशी हमखास कोणीतरी म्हणायचं, “मॅडम, हमारे बच्चे ही ऐसे हैं.” मी म्हणायचे, बरं, ऐसे म्हणजे कैसे, तेच आपण आता शोधू. मग समोसे यायचे, आणि समोशांनंतर थोडा विरोध मावळायचा. प्रशिक्षणात समोशाचं महत्त्व कुठल्याही अहवालात लिहिलेलं नसतं, पण मी ते खात्रीने सांगू शकते.

विरोध मावळला की गंमत सुरू व्हायची. दिल्लीतल्या एका सरकारी शाळेत अरोरा मॅडम होत्या. त्यांच्या वर्गात एक प्रश्न जवळपास सगळ्यांचा चुकला होता. चित्रात पेन्सिल पट्टीला लावून ठेवलेली, पण शून्यापासून नाही, दोनपासून. पेन्सिलीचं टोक सातावर. लांबी किती? मुलांनी एका सुरात सात लिहिलेलं. अरोरा मॅडमना राग आला, मग हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्या पहाडगंजच्या घाऊक बाजारात गेल्या आणि स्टेशनरीवाल्याकडे तुटक्या पट्ट्या मागितल्या. दुकानदाराला वाटलं बाईंची तक्रार आहे, तो नव्या कोऱ्या पट्ट्या काढून देऊ लागला. नको भैया, तुटलेल्याच द्या, जेवढ्या असतील तेवढ्या द्या, असं त्यांनी सांगितल्यावर त्याने पोऱ्याला हाक मारून गोदाम धुंडाळलं आणि वर बाईंकडे जरा काळजीने बघितलं. त्या तुटक्या पट्ट्या वर्गात वाटल्या गेल्या. ज्या पट्टीला शून्यच नाही तिने मोजायचं म्हटल्यावर पोरांना पहिल्यांदा कळलं की लांबी म्हणजे शेवटचा आकडा नव्हे, मधलं अंतर. नंतरच्या चाचणीत तो प्रश्न कोणाचा अडला नाही. अशा दिवशी मी घरी आले की यजमान म्हणायचे, आज स्वारी खुशीत दिसते.

पण सगळं असं तुटक्या पट्टीने सुटत नाही. मी सांगणार आहे ती हकिगत गाझियाबादच्या एका खाजगी शाळेतली आहे.

त्या भागात खाजगी शाळेच्या मालकाला ‘मॅनेजर साहब’ म्हणतात. या मॅनेजर साहेबांचा मूळ धंदा टाइल्सचा. माणूस मनाने वाईट नव्हता. शाळेच्या फरशा तर इतक्या सुंदर होत्या की त्यांच्यावरून चालायला संकोच वाटावा. त्यांनी कुठल्याशा परिषदेत ‘ग्रोथ’ हा शब्द ऐकला आणि तो त्यांच्या मनात घर करून बसला. जुलैत एक चाचणी घ्यायची, फेब्रुवारीत तशीच दुसरी, आणि दोन्हींतला फरक म्हणजे शिक्षकाची ग्रोथ. त्याचा एक भलामोठा तक्ता स्वागतकक्षात लागायचा. जास्त ग्रोथवाल्यांची ओळ हिरवी, मधल्यांची पिवळी आणि उरलेल्यांची लाल. प्रवेशासाठी आलेले पालक तो तक्ता हॉटेलच्या मेनूसारखा वाचायचे.

मला त्यांनी शिक्षकांना ‘डेटा’ शिकवायला बोलावलं. मी एकच अट घातली. वर्गाची सरासरी तुम्हाला जाईलच, पण कुठल्या मुलाने कुठलं उत्तर निवडलं याचे तपशील फक्त माझ्या आणि शिक्षकांच्या बैठकीत राहतील, ते तुमच्या टेबलावर येणार नाहीत. त्यांनी “बिल्कुल, बिल्कुल” म्हटलं. शिक्षकांनाही मी पहिल्याच दिवशी तसा शब्द दिला. हा शब्द दिल्याशिवाय आमचं काम होत नाही. आपल्या वर्गाच्या चुका हा शिक्षकाच्या घरातला पसारा असतो. पाहुण्यांना दाखवणार नाही असं वचन मिळाल्याशिवाय कोणी दार उघडत नाही.

तिथले ज्येष्ठ शिक्षक म्हणजे त्यागीजी. पाचवीच्या एका तुकडीचे वर्गशिक्षक, करड्या मिशा, दणदणीत आवाज. माझ्या बैठकीत ते हाताची घडी घालून शेवटच्या रांगेत बसायचे आणि म्हणायचे की मुलाच्या चेहऱ्याकडे बघून मी सांगतो त्याला काय येतं. तक्त्यावर त्यांची ओळ सगळ्यात हिरवी असायची, त्यामुळे मी त्यांच्याशी फार वाद घालत नसे. वार्षिकोत्सवात उत्तम शिक्षकाची शाल यंदाही त्यांनाच मिळणार हे सर्वांना ठाऊक होतं.

पाचवीच्या दुसऱ्या तुकडीला होती शबाना शेख. उदगीरची मुलगी. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीला आलेली, राजेंद्रनगरच्या क्लासांच्या गल्लीत काही वर्षं काढलेली, आणि पूर्वपरीक्षेच्या उंबऱ्यावरून पुन्हा पुन्हा परतलेली. शेवटी वर्षाच्या करारावर इथे शिकवायला लागली. मी मराठी बोलते म्हटल्यावर तिचा चेहरा असा उजळला की मी तिला लगेच सांगून टाकलं, मला मॅडम म्हणू नकोस, ताई म्हण. तेव्हापासून डब्यातली शेंगदाण्याची चटणी आमच्यात समाईक झाली.

फेब्रुवारीची चाचणी झाली आणि शबानाची ओळ लाल आली. जुलैत तिचा वर्ग बरा होता, फेब्रुवारीत त्याहून थोडा बरा. ग्रोथ जेमतेम. बाकी सगळे वर्ग जुलैत तळाला होते आणि फेब्रुवारीत उड्या मारत वर आले होते. मॅनेजर साहेबांनी ठरवलं की तिचा करार पुढे वाढवायचा नाही. सोमवारी पत्र देणार होते.

शबाना त्या दिवशी डबा न उघडता माझ्यासमोर बसली. “घरचे म्हणायलेत, आता बस झालं, परत ये,” ती म्हणाली. “नोकरी आहे म्हणून त्यांना थांबवून ठेवलंय. ही गेली तर माझ्याकडे काही कारणच उरत नाही. आणि ताई, परीक्षेचं मला आता तेवढं नाही वाटत. पण ही पोरं सोडवत नाहीत हो.” तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, पण ती टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मी तिला म्हटलं, आधी मला सगळ्या वर्गांची उत्तरं नीट बघू दे.

घरी येऊन मी ती बघायला बसले. तोवर बैठकीत प्रत्येकाने निवडून आणलेले थोडेच प्रश्न मी पाहिले होते. चाचणी पर्यायांची होती, मुलांनी निवडलेली अक्षरं शिक्षकांनी संगणकात भरलेली. मी नेहमीसारखा तोच चारशे तीनचा प्रश्न काढला, वजाबाकीचा, म्हणजे इकडच्या हिंदीतल्या ‘घटाना’चा. शबानाच्या वर्गात जुलैत जी मुलं चुकली होती, त्यांतली बहुतेक तीनशे चोपन्नवर जाऊन पडली होती. अगदी जशी पडायला हवीत तशी. मग त्यागीजींचा वर्ग काढला. तिथे चुकीची उत्तरं तिन्ही चुकीच्या पर्यायांमध्ये प्रसादासारखी समसमान वाटलेली. एकाने हे, दुसऱ्याने ते, तिसऱ्याने तिसरं, पुन्हा पहिल्यापासून. पुढचा प्रश्न, तेच. दुसऱ्या वर्गांमध्ये, तेच. फेब्रुवारीची उत्तरं मात्र सगळीकडे नैसर्गिक होती.

मला सगळं कळलं. जुलैत मुलांची बरोबर उत्तरं चुकीची करून भरायची, म्हणजे फेब्रुवारीत काही न करता ग्रोथ दिसते. शाळेची ती रीतच पडून गेली होती. पण बरोबर उत्तर खोटं लिहिता येतं, मुलाची चूक खोटी लिहिता येत नाही. मुलं वाटेल तशी चुकत नाहीत. ती फार विचार करून चुकतात. मोठा माणूस त्यांच्या वतीने चुकायला बसला की त्याला वाटतं, काय, कुठलंही अक्षर टाकलं की झालं.

दुसऱ्या दिवशी मी शबानाला विचारलं, तुला ही रीत कोणी सांगितली नव्हती का? सांगितली होती म्हणाली, रुजू झाली त्याच आठवड्यात, अगदी आपुलकीने. मग का नाही केलंस? तिने माझ्याकडे जरा आश्चर्याने बघितलं. “ताई, मी दिल्लीत एवढ्या मॉक टेस्ट दिल्या. मॉकमध्ये मार्क वाढवून घेणारी पोरं पाहिलीत, कमी सांगून सहानुभूती घेणारीही पाहिलीत. खऱ्या पेपरला सगळ्यांचं तेच झालं. पोरांना काय येत नाही ते मला बघायचं होतं. खोटं भरलं असतं तर मी शिकवलं काय असतं?”

हे वाक्य मी इतकी वर्षं हॉलमध्ये उभी राहून पटवत आले होते, आणि ही पोर चटणी खाता खाता बोलून गेली.

मी मॅनेजर साहेबांकडे गेले. म्हटलं, नुसत्या ग्रोथवरून माणूस काढू नका, जो वर्ग आधीच वर आहे तो आणखी किती उडी मारणार? त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले की आकडे खोटं बोलत नाहीत असं तुम्हीच तर सांगता. मी असं कधीही सांगितलेलं नाही, तो त्यांच्या स्वागतकक्षातला फलक होता. “बाकी सबका बढ़ा है, मॅडम,” ते म्हणाले. “इनका क्यों नहीं बढ़ा?” याचं उत्तर माझ्या पिशवीत होतं. ते बाहेर काढलं असतं तर शबाना वाचली असती, आणि ज्यांना मी शब्द दिला होता ते सगळे शिक्षक एका झटक्यात त्यांच्यासमोर उघडे पडले असते. त्यानंतर त्या शाळेतच काय, आसपासच्या कुठल्याही शाळेत एकाही शिक्षकाने मला आपला खरा कागद दाखवला नसता. मी चहा प्यायले आणि उठले. असा बेचव चहा मी आयुष्यात प्यायलेला नाही.

शनिवारी शिक्षकांची शेवटची बैठक होती. मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात शबानाच्या वर्गाची जुलैतली चुकलेली उत्तरं लिहिली, दुसऱ्यात त्यागीजींच्या वर्गाची. नाव कोणाचंच नाही. मग विचारलं, यातला खऱ्या मुलांचा वर्ग कुठला? शिक्षक कितीही कंटाळलेला असो, मुलांच्या चुका त्याने रोज पाहिलेल्या असतात. कोणाला विचार करावा लागला नाही. पहिल्या रकान्याकडे सगळ्यांच्या नजरा गेल्या, आणि मग एकेक करून खाली झुकल्या.

मी म्हटलं, मी तुम्हाला शब्द दिलाय आणि तो पाळणार आहे, हे कागद या खोलीबाहेर जाणार नाहीत. मला तुमच्यातल्या कोणाचाही राग नाही. ज्या शाळेत फरकालाच बक्षीस आहे तिथे माणसं फरक तयार करणार, त्यात तुमच्याइतकाच तक्ता लावणाऱ्यांचाही दोष आहे. पण सोमवारी इथल्या एका शिक्षिकेला पत्र मिळणार आहे, आणि ते का मिळतंय हे आता या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. यापुढचं तुम्ही ठरवा. शबाना मान खाली घालून बसली होती. आपण सगळ्यांच्या डोळ्यावर आलो याचीच तिला लाज वाटत असावी.

माझा डाव फुकट गेला असं मी मनात म्हणत होते, तेवढ्यात शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. त्यागीजी उभे राहिले. त्यांचा तो दणदणीत आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

“वो दूसरी वाली मेरी क्लास है,” ते म्हणाले. मग शबानाकडे वळले. “बेटा, तुम्हारी लाल लाइन हम सबने मिलकर बनाई है.”

मला आवडायचे नाहीत ते त्यागीजी. आज सांगते, त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ते कोणाला काही न विचारता थेट मॅनेजर साहेबांच्या खोलीकडे निघाले. त्यांच्यामागे आणखी दोघी उठल्या, मग बाकीचे. मी शबानाचा हात धरून तिला उठवलं, कारण ती उठायलाच तयार नव्हती.

मॅनेजर साहेबांची खोली भरून गेली. त्यागीजींनी सगळं सांगितलं, आपलं आधी आणि रीतीचं नंतर, दुसऱ्या कोणाचं नाव न घेता. साहेब आधी तापले. शाल विसरा म्हणाले. त्यागीजी म्हणाले, शाली घरी पुष्कळ आहेत. मग साहेबांचा पारा हळूहळू उतरला आणि ते खरोखरच हवालदिल झाले. टाइल्सच्या धंद्यातला माणूस, पाया कच्चा निघाला की काय होतं हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं. ते मला म्हणाले, “तो फिर मॅडम, हमारे स्कूल का असली रिझल्ट क्या है?”

मी म्हटलं, “पूरे स्कूल का मुझे भी नहीं पता. असली रिझल्ट सिर्फ एक क्लास का है. उसी की टीचर को आप सोमवार को निकाल रहे हैं.”

त्यांनी टेबलावरचं टाइप केलेलं पत्र उचललं, वाचलं, आणि फाडून टोपलीत टाकलं. एवढं करून थांबतील तर ते मॅनेजर साहेब कसले. चुकीची भरपाई मोठ्या मनाने करायची त्यांना हौस होती. ते शबानाला म्हणाले की पुढच्या वर्षी तुम्ही आठवी घ्या. त्या शाळेत जितका वरचा वर्ग तितका शिक्षकाचा मान. कराराच्या शिक्षकांना आठवी कधी मिळतच नसे, आणि खालचे वर्ग म्हणजे शिक्षा. सगळे तिच्याकडे बघू लागले.

शबानाने माझ्याकडे बघितलं नाही. त्यागीजींकडेही नाही. ती सरळ साहेबांना म्हणाली, “सर, आठवी नहीं. मुझे तीसरी दीजिए. घटाना वहीं बिगड़ता है.”